फुकटच्या एसएमपीएसला अनावृत पत्र

रा. रा. एसएमपीएसराव (५०० वॉट) यांस,
सा. न. वि. वि.

आपण संगणकाच्या कॅबिनेटसोबत फुकट आलात. ‘पॉवर सप्लाय आतच आहे, वेगळा कशाला घेता?’ एवढ्या शिफारशीवर आपली नेमणूक झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्रोसेसरच्या किमतीसाठी तासभर हुज्जत घालणारं गिऱ्हाईक आपल्याबद्दल एक प्रश्न विचारत नाही. रॅमचा वेग, ग्राफिक्स कार्डची मेमरी, एवढंच काय, पंख्यांच्या दिव्यांचा रंगसुद्धा चौकशीत येतो. या सगळ्यांना जगवणारे आपण मात्र बिनचौकशी आत. असं भाग्य सरकारी नोकरीतही नाही. तेव्हा आपल्या कर्तृत्वाची जाहीर दखल घेणं भाग आहे.

सुरुवात आपल्या स्टिकरपासून. वर ठळक ‘५०० वॉट’ आणि खाली भिंग लावून वाचावा असा तक्ता. ३.३ व्होल्टला २० अँपिअर, म्हणजे ६६ वॉट. ५ व्होल्टला २५ अँपिअर, म्हणजे १२५. १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे १९२. उणे १२ आणि स्टँडबाय मिळून किरकोळ १६ धरले, तरी बेरीज होते ३९९. उरलेले १०१ वॉट आहेराचे समजायचे का? आणि हे ३९९ तरी एकाच वेळी देणार का, याबद्दल स्टिकर मौन पाळून आहे.

खरी गंमत १२ व्होल्टच्या रकान्यात आहे. नव्वदच्या दशकातले प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टवर पोसले जात. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. घरातला प्रोसेसर ६५ वॉटचा आणि कार्ड १७० वॉटचं. दोघांची मागणी २३५, आपला पुरवठा १९२. त्यात कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतं. म्हणून तर २०२२च्या एटीएक्स ३.० या मानकाने मोठ्या सप्लायना १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसायला सांगितलं. आपल्याला हा नियम कळवून उगाच ताण देत नाही.

आपलं वजनही कौतुकास्पद. एका हातात सहज मावता, दुसऱ्या हातात चहाचा कप राहतो. पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारली तर आत ऐसपैस मोकळी जागा दिसते. बोर्डावर फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली आहे, पण कॉइलऐवजी वाकवलेली तार आहे. अर्थिंग नसलेल्या घरात चांगल्या सप्लायच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, कारण फिल्टरचे कपॅसिटर आवरणावर २३० व्होल्टच्या सुमारे निम्मा दाब आणून ठेवतात. तो दोष घरच्या वायरिंगचा. आपल्याला हात लावला तर काहीच होत नाही. फिल्टरच नाही, तर मुंग्या येणार कुठून?

आता आपली परीक्षा. दुकानदाराने २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार पेपरक्लिपने काळ्या तारेला जोडली. पंखा फिरला. ‘बघा, एकदम ओके!’ मान्य. पंखा ओके आहे. या परीक्षेत आपला जीव शाबूत आहे एवढंच सिद्ध होतं. ओझं उचलता की नाही, ते नाही. मल्टिमीटर लावला, १२.१ व्होल्ट. तेही मान्य, कारण खांद्यावर काहीच नव्हतं. मग मशीन जोडलं, जड गेम सुरू केला आणि तो चालू असतानाच मल्टिमीटर पिवळ्या आणि काळ्या तारेवर धरला. आपल्या पिढीच्या एटीएक्स मानकानुसार ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात. आपण ११.२ वर येऊन नम्रपणे मान खाली घातलीत.

याशिवाय १२ व्होल्टवरची थरथर १२० मिलिव्होल्टच्या आत असावी लागते. ती मल्टिमीटरला दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. त्यामुळे त्या विषयात आपण सध्या निर्दोष आहात.

लाइट गेल्यावरचं आपलं वागणंही आठवतं. इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत सप्लायने सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरायचा असतो. ५० हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे तेवढीसुद्धा अपेक्षा नाही. घरातला पंखा फिरत राहतो, टीव्ही चालू राहतो, संगणक मात्र आपल्या कृपेने नव्याने जन्म घेतो.

सबब आपल्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. आपल्या जागी येणाऱ्याची पात्रता अशी: प्रोसेसर आणि कार्डचे २३५ आणि बोर्ड, रॅम, डिस्क, पंख्यांचे ६० धरून होतात जेमतेम ३००. तेव्हा ५५० वॉट पुष्कळ, ८५० ची हौस नको. मात्र ते ५५० जवळजवळ सगळे १२ व्होल्टच्या रकान्यात हवेत, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास. २००४ पासून चालत आलेला ‘८० प्लस’चा बिल्ला असावा, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, जादा दाब आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, ते वेगळं विचारावं. वॉरंटी पाच वर्षांची तरी हवी. सुट्या केबलींचा असेल तर त्याच्याच केबली वापराव्यात. दुसऱ्याची केबल खोबणीत चपखल बसते, पण पिनांचा क्रम वेगळा निघाला तर हार्ड डिस्क जाते.

आपल्याला खोलून पाहण्याचा मोह आवरला आहे. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट उरलेले असू शकतात. आपल्यातली तेवढी एक गोष्ट खरोखर दमदार आहे. ‘टायपिंगपुरता चालेल’ म्हणून आपल्याला भाच्याच्या गळ्यातही बांधणार नाही. आपली रवानगी थेट ई-कचऱ्यात.

आणि वाचकहो, कॅबिनेट घेताना दुकानदाराला एवढंच म्हणा: ‘फुकटचा सप्लाय तुम्हीच ठेवा, जो विकत घेणार आहे, त्याचा १२ व्होल्टचा रकाना आधी दाखवा.’

कळावे,
एक चौकस गिऱ्हाईक