पोपट नेमणे आहे

मेनफ्रेम या मोठ्या संगणकांच्या जगात ‘आयईएफबीआर१४’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. त्याचे काम काहीही न करणे. हे विनोदाने म्हटलेले नाही. जॉब (यंत्राला सोपवायचे काम) लिहायचा तर कोणता तरी प्रोग्रॅम चालवावाच लागतो. डेटासेट बनवण्या-पुसण्याचे खरे काम जेसीएल या जॉब लिहायच्या भाषेतल्या ओळी वाचून यंत्रणा स्वतःच करते. तेव्हा नुसती हजेरी लावायला हा ठेवलेला. (कचेऱ्यांत हे पद माणसांकडे असते.) सुरुवातीला त्यात एकच सूचना होती: आलास तिथे परत जा. त्या एका सूचनेतही चूक निघाली. परत जाताना १५ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये शून्य ठेवायचे राहून गेले. तिथे आधीचे जे काही पडलेले असेल तेच निकाल म्हणून वाचले जाई आणि काहीही न करणारा प्रोग्रॅम नापास ठरे. अखेर आणखी एक सूचना घालून त्याचा आकार दुप्पट करावा लागला. हे सगळे ज्या यंत्रांचे, ती सिस्टिम/३६० मालिका आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये जाहीर केली. तिच्या वंशातली यंत्रे आजही जगभरच्या मोठ्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब सांभाळतात. या घराच्या उंबरठ्यावर आता एआय सहाय्यक नावाचा एक नवा गडी येऊन उभा राहिला आहे. त्याला सगळे येते, तो थकत नाही, रजा मागत नाही, आणि ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून महत्प्रयासाने निघते.

मेनफ्रेमची खालची बाजू सांभाळणाऱ्याला सिस्टिम प्रोग्रॅमर म्हणतात. ओळखीतले लोक ‘सिसप्रॉग’ म्हणतात. खातेदाराचे व्याज काढणारे प्रोग्रॅम तो लिहीत नाही. ते ज्या झेड/ओएसवर चालतात ती यंत्रणा तो बसवतो, तिला ठिगळे लावतो, तिचे रागलोभ ओळखून असतो. त्याच्या आयुष्यातली आयपीएल उन्हाळ्यात येत नाही, रविवारी पहाटे येते. तिच्यात यंत्र मुळापासून पुन्हा सुरू करतात आणि षटकार कोणालाच नको असतो. हा माणूस आता साठीला टेकला आहे. त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न वर्षानुवर्षे बैठकीत निघाला, त्यावर चहा झाला, आणि तो पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलला गेला. आता म्हणे उत्तर सापडले. आयबीएमने २०२३ मध्ये वॉटसनएक्स कोड असिस्टंट फॉर झेड आणले, पाठोपाठ यंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठी वॉटसनएक्स असिस्टंट फॉर झेड. बीएमसी या सॉफ्टवेअर कंपनीनेही आपला सहाय्यक बाजारात बसवला. विक्रीचा सूर साधारण असा: अनुभवी माणसे जात आहेत, त्यांचे ज्ञान इथेच राहील, आणि नवशिका लवकरच जाणत्यासारखे काम करू लागेल. यातले पहिले वाक्य खरे आहे, दुसरे अर्धे खरे आहे, आणि तिसऱ्याच्या भरवशावर जो खर्च वाचवला जातो आहे त्यानेच उरलेले अर्धेही खोटे पडणार आहे. सहाय्यक चुकला हे ज्याला कळते, त्याच्याच हाती तो उपयोगाचा. आणि असा माणूस घडवावा लागू नये म्हणून तर त्याची खरेदी चालली आहे.

आधी श्रेय देऊन टाकू. झेड/ओएसचे यंत्रणा-संदेश समजावणारी पुस्तके दहा खंडांची आहेत, म्हणजे केतकरांच्या ज्ञानकोशाच्या निम्म्याला किंचित कमी. त्यात जेस२, सीआयसीएस, डीबी२ ही सोबतची सॉफ्टवेअर मंडळी धरलेली नाहीत, त्यांची पुस्तके वेगळी. पडद्यावर ‘आयईसी१४१आय ०१३-१८’ असे उमटले की त्याचा अर्थ, लायब्ररी सापडली पण तिच्यात तुम्ही मागितलेला मेंबर नाही. हे एका वाक्यात सांगणारा कोणी शेजारी असेल तर रात्रपाळीच्या पोराचे वीस मिनिटांचे पानउलटणे वाचते. जुन्या असेंब्लरचा परिच्छेद साध्या भाषेत मांडणे, रेक्स भाषेतला छोटा प्रोग्रॅम जुळवून देणे, हजारो ओळींच्या सिस्लॉग या नोंदवहीतून संशयित पंचवीस ओळी वेचणे, ही कामे हा सहाय्यक झकास करतो. जेसीएल तर त्याच्यासाठीच जन्मली असावी. ओएस/३६० चे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढे तिला जगातली सर्वांत वाईट संगणकभाषा म्हटले आणि ती आपल्याच देखरेखीखाली झाली हेही मोकळेपणाने कबूल केले. ‘कॉन्ड’ नावाची अट या भाषेत अशी आहे, की अट खरी ठरली तर पायरी चालवायची नसते, गाळायची असते. असल्या भाषेत माणसाने स्वतःची बुद्धी झिजवावी असे कोणाला वाटेल? पाठांतर हे हलके काम नाही. आपल्याकडे घनपाठी म्हणून मान मिळतो तो एक मात्रा इकडची तिकडे न होऊ दिल्याबद्दल. फक्त या नव्या घनपाठ्याची एक खोड आहे: ऋचा आठवली नाही तर तो थांबत नाही, त्याच छंदात नवी रचतो. पुस्तकाचे पान जोडून उत्तर द्यायला लावले की ही खोड बरीच कमी होते, जात नाही.

खरी गोम यापुढे आहे. मेनफ्रेम सांभाळण्यातली अडचण पुस्तकांच्या तुटवड्याची कधीच नव्हती. आयबीएमइतके लिहून ठेवणारी कंपनी शोधूनही सापडायची नाही. तुटवडा आहे तो ‘आपल्या घरी असे का’ या माहितीचा. प्रत्येक जुन्या बँकेच्या यंत्रणेत कोणीतरी कधीतरी घातलेले यूझरमॉड (घरगुती बदल) असतात, असेंब्लरमध्ये लिहिलेले एक्झिट असतात, पार्मलिब या सेटिंगांच्या लायब्ररीत एखादा आकडा पुस्तकातल्या शिफारशीच्या तिप्पट असतो आणि शेजारच्या टिपेत ‘बदलू नये’ एवढेच असते. का बदलू नये, हे लिहिणारा जाणत होता. एसएमपी/ई हे ठिगळांचे खातेपुस्तक अगदी चोख: कोणते पीटीएफ (म्हणजे ठिगळ) कोणाच्या आधी हवे, कोणी कोणाची जागा घेतली, सगळे नोंदलेले. पण यूझरमॉड घातला कशासाठी, हा रकाना त्यात नाही. जेस२ चे संदेश आजही ‘हॅस्प’ अक्षरांनी सुरू होतात, कारण त्याचा पूर्वज साठच्या दशकात ह्यूस्टनमध्ये लिहिला गेला आणि पहिले अक्षर त्या गावाचे. या वारशाचे कारण जगाला ठाऊक आहे आणि ते विसरले तरी कोणाचे बिघडत नाही. ज्याचे कारण विसरले तर बिघडते, ते मात्र एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि त्याला निरोपसमारंभात शाल-श्रीफळ दिलेले असते. यावर विक्रेत्याचे उत्तर तयार आहे: तुमची स्वतःची कागदपत्रे सहाय्यकाला वाचायला द्या. जरूर द्यावीत. पण कार्यपद्धतीची कागदपत्रे बहुतेक ठिकाणी लेखापरीक्षकासाठी लिहिलेली असतात. त्यांत सगळे कसे चालायला हवे ते असते. तीच वाचून हा पोपट बोलणार, आणि तेही प्रमाणभाषेत.

हे सारे कल्पनेतले वाटत असेल तर २०१२ चा जून आठवावा. ब्रिटनमधल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहाने १७ जूनच्या रविवारी रात्रीच्या बॅचचे, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या कामांचे, वेळापत्रक लावणारे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेले. काहीतरी वाकडे चालले आहे असे दिसल्यावर मंगळवारी ते काढून पुन्हा जुने बसवायचे ठरले. पद्धत म्हणून यात काही गैर नव्हते. बदल अंगावर आला तर मागे फिरावे, हे पहिल्या धड्यातच असते. पण मागे फिरल्याचे परिणाम आधी तपासले गेले नाहीत. नवी आवृत्ती जे करून बसली होती त्याच्याशी जुनीचे जमेना. रात्रीचे काम तुंबले, एका रात्रीवर दुसरी चढली, आणि सुमारे ६५ लाख ग्राहकांना आपल्या खात्यात किती पैसे आहेत, पगार जमा झाला का, घराचा हप्ता गेला का, हे नीट कळेना. याच समूहातल्या अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल जुलैपर्यंत चालले. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. आता त्या मंगळवारी कोणी सहाय्यकाला विचारले असते, ‘हे सॉफ्टवेअर मागे कसे घ्यावे?’ तर त्याने अचूक, क्रमवार, सुबक पायऱ्या दिल्या असत्या. नडला असता विचारलेला प्रश्नच. मागे घ्यावे का, आत्ता घ्यावे का, रांगेत उभ्या असलेल्या कामांचे काय होईल, हा प्रश्न ज्याला सुचतो तो सिसप्रॉग. कोणी म्हणेल, सहाय्यकाने ‘आधी चाचणी यंत्रणेवर करून पाहा’ असा इशारा दिलाच असता. दिला असता. तो प्रत्येक उत्तराखाली देतो, म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी दामटलेल्या वाक्यासारखा, आणि तितकाच ऐकला जातो.

दुसरा आक्षेप जास्त समंजस आहे. सहाय्यक फक्त सुचवील, निर्णय माणूसच घेईल, मग भीती कसली? लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच स्वयंचलित कारखान्यांबद्दल एक छोटा निबंध लिहून या व्यवस्थेची गंमत दाखवून ठेवली आहे. सोपे काम यंत्राकडे जाते, अवघड तेवढे माणसाकडे उरते. आणि अवघड जमण्यासाठी जो सराव लागतो तो सोप्या कामातूनच व्हायचा असतो. सिसप्रॉग घडतो कसा हे पाहिले तर हे नेमके लागू पडते. पहिली दोन वर्षे तो अबेंडचे (मध्येच कोसळलेल्या कामांचे) कोड शोधतो, ‘सॉक सेव्हन’ म्हणजे अंकाच्या जागी भलताच कचरा आला हे शंभरदा पाहतो, दुसऱ्याच्या जेसीएलमधली स्वल्पविरामाची चूक काढतो, कंटाळतो. त्या कंटाळ्यातून त्याला वास घ्यायची सवय लागते. आता हीच कामे आधी पोपटाकडे जाणार, कारण तीच त्याला उत्तम येतात. मग पाच वर्षांनी निर्णय घ्यायला जो ‘माणूस’ खुर्चीत असेल, त्याच्याकडे होकार देण्याखेरीज दुसरे कसब कुठून येणार?

‘पण कामाला वेग तर येतो ना?’ यावर मेटर या अमेरिकी संशोधन संस्थेचा २०२५ चा प्रयोग बोलका आहे. सोळा मुरलेले प्रोग्रॅमर, त्यांच्याच परिचयाचे प्रकल्प, २४६ कामे. एआय वापरायची मुभा होती तेव्हा त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला. काम आटोपल्यावर मात्र आपला वेळ २० टक्के वाचला असे त्यांना वाटत होते. प्रयोग लहान होता, ती मंडळी मेनफ्रेमवाली नव्हती, आणि साधनेही पुढे सुधारली, हे सगळे मान्य. त्या १९ वर मी घर बांधणार नाही. लक्षात राहतो तो घड्याळ आणि मन यांच्यातला फरक, आणि तो अशा लोकांचा, ज्यांना आपले घर कोपऱ्यांसकट ठाऊक होते. ज्याला घर ठाऊकच नाही त्याचे मन त्याला काय सांगेल, याचा अंदाज करावा.

राहता राहिला शेवटचा युक्तिवाद, आणि तो सगळ्यांना फार आवडतो: काय करणार, तरुण येतच नाहीत. हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली इथल्या काचेच्या इमारतींत रात्री दिवे जळतात ते बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बँकांच्या याच जुन्या यंत्रांसाठी. तिथे नव्याने लागलेल्या मुलाला ‘तुला मेनफ्रेम मिळाले’ असे सांगितले की त्याचा चेहरा खेड्यात बदली झालेल्या मास्तरासारखा होतो. का होऊ नये? सोबतचे क्लाउडवर जातात, त्यांना प्रमाणपत्रे, परदेश आणि लग्नाच्या बाजारात भाव. याला हिरवा पडदा आणि रात्रपाळी. आपल्या सगळ्या पैशाचा हिशेब ज्याच्या हाती आहे त्याला सर्वांत मागच्या बाकावर बसवायचे आणि मग त्या बाकावर कोणी बसत नाही म्हणून पोपट आणायचा, याला टंचाई म्हणत नाहीत. विहिरीतला गाळ न काढता टँकर मागवणे म्हणतात.

आणि काम फसले तर दंडाचे काय? ब्रिटनमध्येच टीएसबी बँकेच्या संगणक यंत्रणेचे २०१८ चे स्थलांतर फसले, तेव्हा नियामकाने बँकेला वेगळा आणि तिच्या माजी मुख्य माहिती अधिकाऱ्याला वेगळा दंड केला. २०२३ मध्ये त्या गृहस्थांच्या नावे ८१,६२० पौंडांचा आकडा लागला. पोपटाच्या नावे असा आकडा लागत नाही. आपल्या भाषेत ‘पोपट होणे’ म्हणतात ते ऐकणाऱ्याचे होते.

तेव्हा सहाय्यक जरूर घ्यावा. दहा खंड पाठ असलेला नोकर सोडू नये. मात्र ज्या दिवशी त्याच्या खरेदीवर सही होईल, त्याच दिवशी साहेबांनी आणखी एका कागदावर सही करावी आणि वर्तमानपत्रात द्यावी: ‘पाहिजेत: निवृत्तीला पाच वर्षे उरलेल्या सिस्टिम प्रोग्रॅमरच्या शेजारी बसण्यासाठी दोन तरुण. पगार क्लाउडवाल्यांइतका. रविवारी पहाटे उठण्याची तयारी हवी. ठाऊक नसेल तेव्हा तसे सांगता येणे आवश्यक. पोपट संस्थेतर्फे मिळेल.’