पायऱ्या न फोडल्याबद्दल तक्रार अर्ज

प्रति,
कॅप्टन जॉन ब्रिग्ज साहेब,
मुक्काम इंग्लंड (१८७५ पासून थडग्यात)

विषय : हरिहर गडाच्या पायऱ्या वेळेत न फोडल्याबाबत.

साहेब,

स. न. वि. वि. दोनशे वर्षांनी जुनी फाईल उघडतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण गेल्या श्रावणातल्या एका रविवारी मी हरिहरच्या एका पायरीवर एक तास चाळीस मिनिटं उभा होतो. एकाच पायरीवर. नाकासमोर पुढच्याच्या बुटाची टाच, उजव्या हाताची चार बोटं खोबणीत, पाठीमागे नुसतं धुकं. अशा वेळी काहींना देव आठवतो, मला तुम्ही आठवलात.

१८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडला आणि आसपासचे गड पटापट इंग्रजांच्या, म्हणजे तुमच्या हवाली झाले. हरिहर त्यातलाच. तसा तो हात बदलण्यात मुरलेला. १६३६ मध्ये शहाजीराजांचा नाइलाज झाला तेव्हा मोगलांकडे गेला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी स्वराज्यात आणला, १६८९ मध्ये मोगलांच्या मातबरखानाने परत नेला. पण यातल्या कुणी पायऱ्यांना हात लावला नाही. ज्याला गड हवा असतो तो वाट राखतो. तुम्हाला गड नको होता, पुन्हा कुणी त्यावर जाऊन बसू नये एवढंच हवं होतं. म्हणून सह्याद्रीभर सुरुंग लागले, तटबंद्या ढासळल्या, कातळातले जिने तुटले.

हरिहरचा मात्र राहिला. आमच्याकडे सांगतात की पायऱ्या पाहून तुम्ही थक्क झालात आणि सुरुंग आवरलात. खरं काय ते तुम्हालाच ठाऊक. प्रत्येक ट्रेक-लीडर ही गोष्ट सांगतो आणि दर पावसाळ्यात ती थोडी वाढते. मी परवा ऐकली तेव्हा तुम्ही टोपी काढून मुजराही केला होता. तुम्ही वाचनाचे शौकीन; पुढे फिरिश्त्याची फार्सी तवारीख इंग्रजीत नेलीत. त्यामुळे मला ही गोष्ट पटते. रसिक माणसाच्या हातून सरकारी कामं अशीच अर्धवट राहतात.

आणि पायऱ्या आहेतच तशा, साहेब. हे तक्रारीतही लिहावं लागतंय. गोंडा घाटाच्या वाटेवर नजर ठेवायला बांधलेला गड. त्याच्या उभ्या कातळाला कुणीतरी छिन्नी लावून शिडीच कोरली. जिना लोक ऐंशी अंशांचा सांगतात. मी कोनमापक नेला नव्हता, पण चढताना पायऱ्या गुडघ्यांसमोर नव्हे, कपाळासमोर येतात. प्रत्येक पायरीच्या दोन्ही अंगांना बोटं रुतवायला खोबण्या आहेत, आणि त्या नेमक्या हाताला लागतात. कोरणाऱ्याने स्वतः चढून-उतरून पाहिलं असणार. वर दरवाजा. त्याच्या पुढे कड्याच्या पोटातून कोरलेली वाट. तिथे मानी माणसालाही कमरेत वाकावं लागतं. मग पुन्हा पायऱ्या. माथ्यावर मारुती, महादेव, पाण्याचं टाकं आणि एक दगडी कोठार. ढग हटले तर वैतरणेचं पाणी दिसतं. मला पुढच्याची बॅग दिसली.

कारण मुख्य जिना एका माणसाच्या रुंदीचा आहे. वर जाणारे नि खाली येणारे त्याच वाटेवर, आणि उतरायचं तेही कातळाकडे तोंड करून, पाय चाचपत. कोरणाऱ्याने शत्रूचा विचार केला होता : एका वेळी एकच वर येईल आणि वरचा एक गडी तो अडवील. ही युक्ती रविवारच्या गर्दीलाही लागू पडेल, हे त्याच्या ध्यानात कसं यावं? मुंबई-पुण्याच्या बसगाड्या मध्यरात्री निघतात नि पहाटे पायथ्याला ओतल्या जातात. मीही त्यातल्याच एकीत होतो, हे कबूल करतो. आमच्या आयोजकांनी ‘गर्दीच्या आधी पोचू’ असं सांगितलं होतं. बाकीच्या सगळ्या आयोजकांनीही आपापल्या लोकांना तेच सांगितलं असावं.

माझ्या वरच्या तिसऱ्या पायरीवर एक तरुण थांबला, पाठमोरा वळला, हात पसरले आणि खालच्या मित्राला म्हणाला, “घे.” मित्राने फोटो घेतला. नीट आला नाही. पुन्हा घेतला. तोवर जिना खालपर्यंत गोठला. कुणाच्या तरी पाठीवरच्या स्पीकरमधून ढोलताशा वाजत होता. एक बाई भीतीने रडत होत्या आणि त्यांना धीर देणारा त्यांच्यापेक्षा जास्त थरथरत होता. ओल्या कातळावर तिथे एकाचा पाय सुटला तर तो एकटा जाणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. तरी खालून ढकलणं चालूच होतं.

पायऱ्यांच्या मधोमध दगड झिजून गुळगुळीत झालाय. त्यात शिबंदीच्या पायांचा वाटा किती आणि आमच्या बुटांचा किती, हे सांगता येणार नाही. पण शिबंदी दर रविवारी व्हिडिओ काढायला येत नव्हती.

पायथ्याशी सरबत विकणाऱ्या मावशींना मी म्हटलं, “फार गर्दी झाली हो.” त्यांनी लिंबू पिळता पिळता उत्तर दिलं, “सोमवारी या ना दादा. सोमवारी वर वानरंच असतात.” त्यांचं खरं आहे. आणि त्यांचा संसार रविवारवर चालतो, हेही खरं आहे. सोमवारी मला कचेरी असते.

तेव्हा विनंती एवढीच. तुम्ही कर्तव्यात कसूर केलीत, तिची चौकशी आता कोण करणार? पण वर कुठे तुमची आणि त्या पाथरवटाची गाठ पडली तर त्याला आमचा निरोप द्या : पुढच्या वेळी उतरायचा जिना वेगळा कोर.

कळावे,
तुमच्यामुळे अडकलेला एक

ता. क. अलंग गडाच्या पायऱ्या मात्र तुमच्या लोकांनी नेमाने उडवल्या. तिथे अजून दोर लावल्याशिवाय वर जाता येत नाही. त्यामुळे गड बरा आहे.