अंथरूण पाहून

मार्च एंडिंग हा फक्त बँकवाल्यांचा सण आहे अशी माझी समजूत होती. एनएसएसलाही तो असतो हे यंदा कळलं. ३१ तारखेच्या आत 'आर्थिक साक्षरता' नावाचा एक कार्यक्रम कागदावर दाखवायचा होता आणि बोलावलेले बँकेचे साहेब नेमके मार्च एंडिंगमध्येच अडकले. सरांनी व्हरांड्यात नजर फिरवली. व्हरांड्यात मी होतो.

"तू कॉमर्सचा ना? मग घे तूच. पोरांनी पोरांना शिकवायचं. रिपोर्टमध्ये छान दिसतं."

त्या घटकेला माझ्या खात्यात २१२ रुपये होते.

वर्ग मात्र गच्च भरला. क्षणभर छाती फुगली, मग एकेक चेहरा ओळखू यायला लागला. समोरच्यांपैकी नऊ जणांचं मी देणं लागत होतो. व्याख्यात्याला नुसते श्रोते मिळतात. मला धनकोंची सर्वसाधारण सभा मिळाली होती. पहिल्या बाकावर माझा लातूरचा रूममेट, हाताची घडी घालून.

सुरुवात जोरात झाली. पन्नास-तीस-वीसचा नियम फळ्यावर लिहिला: निम्मे पैसे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. उदाहरण माझंच घेतलं, ही पहिली चूक. घरून येतात ८,०००. सदाशिव पेठेत कॉट बेसिसचे ३,५००, मेसचे ३,२००. गरजांना नियमाप्रमाणे मिळतात ४,०००. म्हणजे महिनाभर एकतर झोपता येतं, नाहीतर जेवता येतं. खडू हातात तसाच राहिला.

"आणि रविवार कुठे धरलास?" मागून प्रश्न.

रविवार! पुण्यात शिकायला आलेल्या पोराचं दिवाळं निघतं ते रविवारी रात्री. दुपारी मेसला फीस्ट असते. मसालेभात, मठ्ठा, दोन गुलाबजाम (तिसरा मागितला की काकू ऐकू न आल्यासारखं करतात). ते हाणताना आता उद्यापर्यंत भूक लागणार नाही असं मनापासून वाटत असतं. संध्याकाळी मेस बंद. साडेआठला पोटात कालवाकालव सुरू होते, नऊला चौघं जण 'नुसता चहा घेऊन येऊ' म्हणून बाहेर पडतात आणि साडेदहाला पावभाजी, जादा पाव, वर मस्तानी असा तो चहा संपतो. महिनाभर कागदावर जुळलेलं गणित या चार रात्रींत फाटतं. शेअर बाजारही बिचारा रविवारी बंद असतो.

यावर सांगलीची एक मुलगी उठली आणि तिने खाडे समजावून सांगितले. सलग तीन दिवस गावाला जाणार असाल तरच खाडा, आदल्या दिवशी सांगितलं तरच, आणि काकूंच्या वहीत आपल्यासमोर लिहून घेतलं तरच. सुट्ट्या ती तीनच्या पटीत घेते. वर्गात पहिल्यांदा वह्या उघडल्या. माझ्या भाषणाला कोणी पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

बाजी परत आपल्याकडे घ्यावी म्हणून मी मोठे विषय काढले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, असं सांगितलं. पोरं इतकी हसली की विम्याचा हप्ता कोण भरतं हे सांगायचं राहूनच गेलं. (बँक भरते.) पीपीएफची मुदत १५ वर्षं म्हटल्यावर ज्यांचं नियोजन येत्या रविवारपर्यंत पोचत नव्हतं ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग सेबीचा आकडा काढला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. "आपल्यात कोण करतं?" चार हात वर. चौघंही म्हणाले, आम्ही उरलेल्या सातातले. त्यातल्या दोघांनी त्याच आठवड्यात माझ्याकडे उसने मागितले होते. माझ्याकडे! मंदी किती खोल होती ते यावरून समजावं.

शेवटी क्रेडिट कार्ड. नुसता 'मिनिमम ड्यू' भरत राहिलात तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढू शकतं. ७२ला व्याजदराने भागा, म्हणजे पैसे किती काळात दुप्पट होतात ते कळतं. साडेतीनने भागलं तर साधारण २१ महिने. "थोडक्यात," मी म्हणालो आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अंथरूण पाहून पाय पसरावेत.'

"अंथरुणाचे पैसे दे आधी," लातूर बोललं.

एफ.वाय.ला, जूनमध्ये, रूमवर आलो तेव्हा गादीसाठी त्याने मला ४०० रुपये दिले होते. तो उठला, बोटांवर मोजू लागला. जूनपासून मार्च, मग पुढचा मार्च. "एकवीस," तो म्हणाला. "तुझ्याच हिशेबाने आठशे झाले."

"मैत्रीत व्याज?"

"बरं, मिनिमम ड्यू दे."

तेवढ्यात बाकीचे आठही फोन घेऊन पुढे सरसावले. प्रत्येकाच्या स्क्रीनवर क्यूआर कोड. मी फळ्याला पाठ लावून उभा, समोर नऊ फोन उंचावलेले, आणि दारातून सर म्हणाले, "वा! असेच थांबा रे," आणि फोटो काढला.

रिपोर्टमध्ये तो फोटो पानभर छापलाय. खाली ओळ आहे: 'डिजिटल व्यवहारांचे प्रात्यक्षिक करताना विद्यार्थी.'