काट्याचा उपास

घरचा ‘स्मार्ट’ वजनकाटा चरबी मोजतच नाही. तो तळपायातून क्षीण वीज सोडून अडथळा मोजतो आणि चरबीविरहित शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी आहे असं धरून बाकीचा अंदाज ठोकतो. त्यामुळे निर्जला एकादशी निष्ठेने पाळणाऱ्या काकूंना द्वादशीच्या सकाळी फळ मिळतं ते वाढलेल्या टक्क्याचं! पाणी कमी, म्हणून अडथळा जास्त, म्हणून चरबी जास्त. बरं, चढण्याआधी तांब्याभर पाणी प्यावं, तर ते पोटात नुसतं वजन वाढवतं. काटा तेही बहुधा चरबीच्याच खात्यात मांडतो. शिवाय वीज एका पायाने चढते, दुसऱ्याने उतरते. जिच्यासाठी काटा घेतला, ती ढेरी तिच्या वाटेत जवळजवळ येतच नाही. आकडा मात्र दशांशासकट: ३१.७.