मतं द्या, माइक मागू नका

फेब्रुवारी 2024 मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाखभर मतदारांनी अध्यक्ष बायडेन यांना डावलून ‘अनकमिटेड’वर, म्हणजे ‘कुणालाही बांधील नाही’ या पर्यायावर, खूण केली. बहुतेकांचं कारण गाझातलं युद्ध. पक्षानं ऐकलं? ऐकलं की! ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पॅलेस्टिनी वंशाचा एक वक्ता बोलू द्या, एवढंच मागणं होतं. नकार. ‘अनकमिटेड’ प्रतिनिधी रात्रभर बाहेर फुटपाथवर. आत रिपब्लिकन पाहुण्यांना मात्र सन्मानानं व्यासपीठ. विरोधकाला पायघड्या, घरच्याला उंबरठा! शिवाय दम होताच: गर्भपाताचा हक्क हवा ना? मग गपगुमान शिक्का मारा. नोव्हेंबरात अरबबहुल डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले. (आगीतून फुफाट्यात, पण उडी तरी स्वतःची.) लगेच पक्षाचे पंडित कपाळावर हात मारून विचारू लागले, ‘अहो, या लोकांनी आधी सांगायचं नाही का?’