बारा पॉइंट चार

सकाळी पावणेनऊला गाडी सेल्फ घेत नाही, बॉनेटखालून नुसती कटकट येते, आणि तुम्ही वैतागून खाली उतरेपर्यंत शेजारी एक बंडी, एक लेंगा आणि एक पिवळा मल्टिमीटर येऊन उभा असतो. हो, तेच. आमच्या सोसायटीत त्यांना मीटरकाका म्हणतात. तुमच्याकडे दुसरं काही म्हणत असतील.

"हात नका लावू. आधी मोजू."

मीटरकाका सगळंच मोजतात. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल, पोरांच्या रिमोटच्या गाडीचे सेल, गणपतीतली माळ. एकदा जिन्यात भेटले, म्हणून सहज तब्येत विचारली, तर म्हणाले, "बारा पॉइंट चार." मला वाटलं हिमोग्लोबिन. पुढे उलगडा झाला : पूर्ण भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट, म्हणजे १२.४ ला साधारण पाऊण भरलेली. त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते.

माझी गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. दुकानदाराच्या सांगण्यावरून नवी बसवली, तीही उतरली. हे कळल्यावर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुंजीत जेवणाआधीच बडीशेप मागितली. "टाकी गळते, तर पाणी बदलता होय?"

शेजारच्यांच्या गाडीवरून केबल लावून इंजिन सुरू केलं. मीटर १४.२. "अल्टरनेटर निर्दोष!" काकांनी निकाल दिला. "म्हणजे रात्री कोणीतरी खातंय."

मग त्याच रात्री दहाला आमचा पहारा. निगेटिव्हची केबल सोडवली, मधे मीटर जोडला, दारं लावली, गाडी लॉक केली. आता अर्धा तास थांबायचं म्हणे, कारण आतले कॉम्प्युटर हळूहळू झोपतात. दोन बादल्या पालथ्या घालून आम्ही गाडीला झोप लागायची वाट बघत बसलो. एवढ्या निमूटपणे मी मुलाच्या पाळण्यापाशीही बसलो नव्हतो. बायको गॅलरीतून दोनदा डोकावून गेली.

मीटर : ०.४६ अँपिअर. हवा होता ०.०५ च्या आत. काका एकेक फ्यूज उपटू लागले. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघाला आणि आकडा धाडकन ०.०४ वर आला. छताचा दिवा बंद, समोरच्या कप्प्यात दिवाच नाही. राहिली डिकी. पण डिकी बंद केल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे बाहेरून कळणार कसं?

काका डिकीत शिरले.

"मोबाइल ठेवू ना आत, शूटिंग होईल," मी म्हटलं.

"मोबाइलवर माझा विश्वास नाही. लावा!"

मी डिकी लावली. नेमका त्याच वेळी वॉचमन टॉर्च घेऊन आला. डिकीतून आवाज आला, "चालू आहे! चालू आहे!" वॉचमन तेव्हापासून मला नमस्कार करतो तो जरा लांबूनच.

डिकीच्या कुलपातला स्विच अडकला होता. पाच वॅटचा बल्ब, पण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत चाटूनपुसून साफ करतो. सेल्फ त्याआधीच हात टेकतो. काकांनी स्विच साफ करून सुटा केला. पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, तोही गरम आहे का हे बोट बुडवून बघून. (त्यांच्या मीटरला तापमान मोजता येत नाही, हे त्यांचं एक जुनं दुःख आहे.)

त्यानंतर काका रोज सकाळी विचारायचे, "झाली सुरू?" मी आनंदाने हो म्हणायचो. "हो का," म्हणायचे आणि चेहरा सरळ अकरा पॉइंट आठवर. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं. मग मी "जरा जड उठली आज" असं अधूनमधून म्हणू लागलो. लगेच बंडीच्या खिशातून मीटर बाहेर. खोटं बोलतो, पण त्यानं काकांचं बिघडत काही नाही. टर्मिनलवरची पांढरी बुरशीही पुसली जाते.

परवा पार्किंगच्या वादावरून सभा झाली. सेक्रेटरींनी कोणाची कुठली गाडी याची यादी वाचली, तेव्हा कळलं : मीटरकाकांकडे गाडी नाही. कधीच नव्हती. त्यांच्या जागेत एक सायकल उभी असते. दोन्ही चाकांत हवा बरोबर आहे. मोजलेली असणार.