चाळिशीचा वाद

गच्चीवर हॉट टब आला, की पाणी किती अंशांवर ठेवायचं यावर घरात अर्थसंकल्पी अधिवेशन भरतं. ज्यांची हयात तांब्याच्या बंबाशेजारी गेली, त्या आजोबांना डोळ्यांनी वाफ दिसल्याशिवाय पाणी तापलंय हे पटत नाही. सूनबाई ३८ चं बटण दाबतात. चिरंजीव तिची पाठ वळताच ४० करतात.

अमेरिकेत ४० अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा मानतात, तीही धडधाकट माणसासाठी आणि थोड्या वेळापुरती. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उठलेल्या शूरवीराला भोवळ येते. गरोदर बाई, हृदयरोगी यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. हातात ग्लास घेऊन उतरणाऱ्यांनी कुणालाच विचारू नये. सरळ बाहेर बसावं. पण आपल्याकडे सोसेल तेवढं गरम ही मर्यादा, आणि सोसत नाही हे कबूल करायचं कुणी? मग लालबुंद चेहऱ्याने सगळे म्हणतात, ‘‘वा, काय मोकळं वाटतंय!’’

आता हिशेब. दीड हजार लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण पावणेदोन युनिट वीज लागते. म्हणजे २५ वरून ४० वर न्यायला सव्वीसेक युनिट, वाफेबरोबर उडून जाते ती उष्णता वेगळी. महिनाअखेरीस बिल येतं आणि जे कुटुंबाला जमलं नाही ते एकमत घडतं: थंड पाण्याची आंघोळ प्रकृतीला उत्तम!